चिबडातला भात आणि त्यावरचा अझोला

माळशिरस तालुक्यात नीरा उजव्या कालव्याच्या खाली काकांचं रान आहे. त्यातला कालव्याकडचा वीस गुंठ्यांचा तुकडा पाझराच्या पाण्यानं चिबडला, म्हणजे कायमचा पाणथळ झाला, त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. उसाची मुळी तिथं कुजते, मका गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडतो आणि उन्हाळ्यात ढेकळांवर मिठासारखा पांढरा खार फुटतो. दुसरं काही येईना म्हणून काकांनी भात धरला. सोलापूर जिल्ह्यात भाताचं रान दिसलं की रस्त्यानं जाणारा माणूस गाडी थांबवून बघतो. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा मुलूख. इथलं खरं धान्य मालदांडी ज्वारी. पण कालव्याखाली जिथं जिथं चिबड झालंय, तिथं पाण्यात पाय ठेवून उभं राहील असं धान्य भातच.

गेल्या खरिपात त्याच तुकड्यात मी माझा एमएस्सीचा प्रकल्प केला. प्रश्न असा होता: भाताच्या उभ्या पाण्यावर अझोला वाढवला, तर त्या शेतातून निघणारे हरितगृह वायू, म्हणजे हवा तापवणारे मिथेनसारखे वायू, कमी होतात की वाढतात?

अझोला आमच्या घरात नवा नव्हता. गोठ्यामागं काकूनं विटांची कड करून, ताडपत्री अंथरून त्याचा खड्डा केलेला आहे. आमच्या भागात दुभत्या जनावरांसाठी अशी अझोल्याची टाकी आता पुष्कळ गोठ्यांमागं दिसते. चाळणीनं उपसायचा, शेणाचा वास जाईपर्यंत धुवायचा आणि पेंडीत मिसळून द्यायचा. जर्सी गायी खातात, आमची खिलार मात्र अजून मान फिरवते. प्रश्न निघाला तो काकांच्या तोंडून. "ह्यो भातात सोडला तर युरिया कमी लागतोय म्हणत्यात. खरं हाय का गं?"

ते खरं आहे, आणि त्याचं कारण फार सुंदर आहे. अझोला हे पाण्यावर तरंगणारं छोटं नेचं (फर्न). त्याच्या प्रत्येक पानात एक पोकळी असते आणि त्या पोकळीत निळंहिरवं शेवाळ मुक्कामाला असतं. ते हवेतला नत्र धरून झाडाला देतं, झाड त्याला राहायला जागा आणि अन्न देतं. चीन आणि व्हिएतनाममधल्या शेतकऱ्यांनी शेकडो वर्षं भाताला हे खत म्हणून वापरलं. हवामान मानवलं तर तीन ते पाच दिवसांत अझोला दुप्पट होतो. ओंजळभर टाकला तर महिन्यात वाफा झाकतो. युरियाचं इतकं मला माहीत होतं. वायूचं वाचायला बसले तेव्हा मात्र मी चक्रावले. ओडिशात कटकच्या भात संशोधन संस्थेत झालेल्या आणि २००० साली छापून आलेल्या अभ्यासात भाताबरोबर तरंगता अझोला ठेवल्यावर मिथेन कमी झालेला होता. चीनमधल्या शेतांवरच्या एका अभ्यासात तोच अझोला असताना मिथेन वाढलेला होता. दोन्ही काम नीट केलेलं. माझे मार्गदर्शक म्हणाले, "मग तू तुझ्या मातीत बघ."

चिखलातून वायू निघतो म्हणजे काय, हे घरच्यांना सांगून पटेना. म्हणून जूनच्या शेवटी एका संध्याकाळी मी काकांना चिबडाच्या कडेच्या डबक्याशी नेलं. प्लॅस्टिकच्या बाटलीचा तळ कापला, ती पाण्यात बुडवून पूर्ण भरली, टोपण घट्ट लावून उभी धरली आणि काकांना म्हटलं, बाटलीच्या खाली काठीनं चिखल ढोसळा. बुडबुडे आले. आधी बारीक, मग बोराएवढे. बाटलीतलं पाणी खाली सरकत गेलं आणि वर वायू साठला. अंधार पडायला लागला होता. मी टोपण काढलं, बाटली हळूहळू खाली दाबली आणि काकांनी तोंडाशी काडी धरली. क्षणभर फिकट निळी ज्योत बाटलीच्या तोंडावर नाचली आणि विझली. काका काही बोलले नाहीत. त्यांनी दुसरी काडी काढली आणि म्हणाले, "परत कर." इटलीच्या व्होल्टा या शास्त्रज्ञानं १७७६ साली माज्जोरे तळ्याच्या काठी दलदलीतला हाच वायू गोळा करून पेटवून पाहिला होता. मिथेनची ओळख जगाला तिथून झाली.

शेतात पाणी उभं राहिलं की मातीत हवा शिरायची थांबते. मातीतले जीव आहे तेवढा प्राणवायू दोन-तीन दिवसांत संपवतात. मग प्राणवायूऐवजी वापरायची नायट्रेट, मँगनीज, लोह, सल्फेट अशी एकामागून एक रसद संपत जाते, आणि सगळ्यात शेवटी मिथेन करणाऱ्या सूक्ष्मजीवांची पाळी येते. कुजणारा पालापाचोळा, शेण, मुळ्यांतून झिरपणारी साखर हे सगळं दुसरे जीव आधी फोडतात, आणि त्यातून निघालेल्या ॲसिटेट, हायड्रोजनसारख्या साध्या पदार्थांवर हे जगतात. तयार झालेल्या मिथेनचा मोठा भाग भाताच्या झाडातूनच बाहेर पडतो. भाताच्या देठात आणि मुळीत हवेच्या पोकळ्या असतात. त्यांतून झाड वरची हवा मुळीकडं नेतं आणि त्याच वाटेनं मिथेन वर येतो. बाकीचा बुडबुड्यांनी आणि पाण्यात विरघळून येतो. शंभर वर्षांचा हिशोब धरला तर एक किलो मिथेन हवा तापवण्यात साधारण २७-२८ किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. दुसरा वायू नायट्रस ऑक्साइड, तो नत्रखतातून येतो, आणि त्याचा एक किलो म्हणजे सुमारे २७३ किलो. तो कमी निघतो, पण निघाला की भारी पडतो.

आम्ही तीन मीटर बाय तीन मीटरचे बारा वाफे आखले. प्रकार चार, प्रत्येकाचे तीन वाफे. पहिल्यात नुसतं उभं पाणी. दुसऱ्यात लावणीनंतर आठवड्यानं पाण्यावर सोडलेला अझोला. तिसऱ्यात लावणीआधी ताजा अझोला चिखलणीत तुडवून मातीत गाडलेला. चौथ्यात तरंगता अझोला, पण पाणी आलटून-पालटून सोडायचं आणि आटवायचं. वाफे तुकड्याच्या वरच्या अंगाला घेतले, कारण खालच्या अंगाला पाणी खारट आहे आणि खारट पाण्यात अझोला तग धरत नाही. कालव्याचं गोडं पाणी विहिरीत येतं, ते दंडानं देता येईल अशी जागा निवडली.

वायू मोजायला पेटी लागते. विकत मिळणारी माझ्या आवाक्यातली नव्हती. सोलापुरात नवी पेठेत नामफलक करणाऱ्या एका कारागिराकडून ॲक्रिलिकच्या तीन पारदर्शक पेट्या करून घेतल्या, प्रत्येकी एक मीटर उंच, म्हणजे ओंब्या आल्या तरी भात आत मावेल. प्रत्येकीच्या छताला आतून संगणकातला छोटा पंखा, एक तापमापक आणि सुई खुपसायला रबराचं बूच. प्रत्येक वाफ्यात लावणीच्या दिवशीच पत्र्याची चौकट चिखलात रोवून ठेवली होती. चौकटीला वर पन्हळ. पेटी त्या पन्हळीत बसवायची आणि पन्हळीत पाणी ओतायचं, की आतली हवा बाहेर जात नाही आणि बाहेरची आत येत नाही. मोजणीच्या सबंध खटाटोपात हे पन्हळीतलं पाणी मला सगळ्यात विश्वासाचं वाटायचं. बाकी सगळं कुठून ना कुठून गळतं.

पहिली फेरी वाया गेली. मी चिखलात उतरून पेटी ठेवली आणि पाय हलले तसे पायाखालून बुडबुडे सुटले. सगळे आकडे माझ्या पायांनी बिघडवले होते. मग काकांनी बाभळीच्या मेढी ठोकून, त्यावर फळ्या टाकून बारा वाफ्यांच्या मधून एक माची केली. त्यानंतर कापणीपर्यंत मी त्या फळ्यांवरूनच ये-जा केली. चिखलाला पाय लागू दिला नाही.

दर दहा दिवसांनी फेरी असायची. सकाळी नऊच्या सुमाराला सुरुवात, कारण त्या वेळचं मातीचं तापमान दिवसभराच्या सरासरीच्या जवळ असतं. पेटी बसवली की लगेच पहिला नमुना, मग दहा मिनिटांनी, वीस मिनिटांनी, तीस मिनिटांनी. ५० मिलिलिटरची सिरिंज, तिला सलाइनला लावतात तसा तीन तोंडांचा कॉक. हवा ओढायची, कॉक फिरवायचा, हवा काढलेल्या काचेच्या बाटलीत सुई खुपसून भरायची, बाटलीवर वाफा, वेळ, पेटीतलं तापमान लिहायचं. बारा वाफे, चार-चार नमुने, म्हणजे एका सकाळी अठ्ठेचाळीस बाटल्या. चुलतभाऊ घड्याळ घेऊन बांधावर बसायचा आणि "सात नंबर, वीस मिनिटं!" असा ओरडायचा. साध्या हवेत मिथेन साधारण १.९ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १.९ भाग असतो. पेटीत तो दर दहा मिनिटाला किती वाढला, त्या चढावरून एका चौरस मीटरमधून तासाला किती वायू निघाला याचा हिशोब निघतो. चढ सरळ आला तर मोजणी चांगली. मधेच एकदम उडी असेल तर बुडबुडा सुटला किंवा कुणाचा तरी धक्का लागला, तो आकडा सोडून द्यायचा.

अझोल्याचं वागणं मी त्याआधी इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात टाकलेला अझोला पंधरा दिवस नुसता तरंगत होता, वाढत नव्हता. मग तांबूस व्हायला लागला. काकू वाफ्यावर आली, एक चिमूट उचलून उन्हात धरली आणि म्हणाली, "ह्याला सुपर टाक. खड्ड्यात असं लाल पडलं की मी सुपर टाकते." तिचं बरोबर होतं. नत्र अझोला स्वतः मिळवतो, स्फुरद (फॉस्फरस) मात्र त्याला बाहेरून लागतं, आणि ते कमी पडलं की तो लाल पडतो. आमच्या चुनखडीच्या काळ्या मातीत स्फुरद मातीला चिकटून बसतं, पाण्यात कमी उतरतं. सगळ्या बारा वाफ्यांत सारखंच सुपर फॉस्फेट दिलं, नाहीतर तुलना बिघडली असती. दहा दिवसांत वाफे मखमलीसारखे हिरवे झाले.

त्या दिवसांत मी दुपारी अडीच वाजता पाण्याची आम्लता दाखवणारी पीएच पट्टी घेऊन जायची. उघड्या पाण्याच्या वाफ्यात शेवाळ धरलं होतं. उन्हात ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खाऊन टाकायचं आणि पट्टी नऊच्या पुढं गडद निळसर व्हायची. अझोल्याखालच्या पाण्यात तीच पट्टी सातच्या आसपास राहायची. पाणी असं अल्कधर्मी झालं की युरियातला नत्र अमोनिया होऊन उडून जातो. दुपारी खाली वाकलं की उघड्या वाफ्यावर तो वास मला नाकानं कळायचा. अझोल्यानं झाकलेल्या वाफ्यावर येत नव्हता. अमोनिया स्वतः हरितगृह वायू नाही, पण उडालेला अमोनिया दुसरीकडं कुठंतरी मातीवर उतरतो आणि त्यातला काही भाग नायट्रस ऑक्साइड होतो. शेतकऱ्याच्या खिशातून गेलेला युरिया तो वेगळाच.

मिथेनचं गणित इतकं सरळ नाही. तरंगता अझोला एकाच वेळी चार-पाच कामं करतो. त्याच्या बारीक मुळ्या पाण्यात लोंबत असतात. त्यांच्यातून थोडा प्राणवायू पाण्यात येतो आणि मिथेन खाणाऱ्या जिवाणूंना त्या मुळ्यांवर घर मिळतं. सावलीमुळं पाणी आणि वरची माती थंड राहते, मिथेन करणारे जीव मंदावतात. पण चादर फार जाड झाली तर ती पाण्यात शिरणारी हवाच अडवते, खालचं शेवाळ मरतं आणि तेही प्राणवायू देईनासं होतं. आणि जुना अझोला सतत खाली गळत असतो, तो चिखलातल्या जिवांचं अन्नच. यातलं कुठलं काम त्या आठवड्यात वरचढ ठरतंय, त्यावर त्या आठवड्याचा आकडा ठरतो. कटक आणि चीनचे निकाल वेगळे का आले असतील, याचा अंदाज मला पुस्तकातून नाही, ऑगस्ट-सप्टेंबरच्या त्या वाफ्यांकडं बघून आला.

सप्टेंबरच्या मध्यावर डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाला. वस्तीवरची वीज सहा दिवस नव्हती, मोटर बंद. पाऊस आधीच आठ-दहा दिवस ओढलेला. पाझर होता म्हणून माती ओली राहिली, पण वाफ्यातलं पाणी दोन बोटांवर आलं, आणि भात अजून इतका दाटला नव्हता की सावली पडेल. चौथ्या दिवशी दुपारी पाण्यात तापमापक धरला, अडतीस अंश. अझोल्याला २० ते ३० अंश मानवतं; पस्तिशीच्या पुढं तो गळायला लागतो. त्याच आठवड्यात अळी पडली. अझोल्याची पानं रेशमानं गुंडाळून त्याची नळी करते आणि त्या नळीत बसून खाते. मी एक नळी उघडून पाहिली, आत हिरवट, नखाच्या टोकाएवढी अळी. पाचव्या-सहाव्या दिवशी सगळा वाफा तपकिरी. हात घातला तर अझोला बोटांत चिखलासारखा विरघळत होता आणि नासलेल्या भाजीचा वास. वीज आली, पाणी भरलं, आणि तो सगळा थर खाली बसला.

मी तेव्हा रडले. सहा आठवड्यांचं काम होतं ते. मार्गदर्शकांना फोन केला, म्हटलं, सर, प्रयोग गेला. ते म्हणाले, "मोजणं थांबवू नकोस. हेच मोज." ठरलेल्या दिवशी फेरी घेतली, आणि मधे पाचव्या दिवशी एक जादा फेरी घेतली.

त्या बाटल्यांची कथा त्याहून दुःखाची. वायूंचं पृथक्करण करायचं यंत्र आमच्याकडं नव्हतं, म्हणून नमुने दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेत पाठवत होते. तिथं यंत्रातला वायूचा सिलिंडर संपला, मग दुरुस्ती निघाली, मग सुट्ट्या. माझ्या बाटल्या खोक्यात सात आठवडे पडून राहिल्या. निकाल आले तेव्हा ऑगस्टच्या दोन फेऱ्यांतल्या बहुतेक बाटल्यांत मिथेन जवळपास साध्या हवेएवढा. भर पाण्यात उभ्या असलेल्या भातातून, भर ऑगस्टात, मिथेनच नाही? हे शक्य नव्हतं. सुदैवानं प्रत्येक फेरीत मी दोन बाटल्यांत माहीत असलेल्या प्रमाणाचा वायू भरून पाठवत होते. त्याही घसरलेल्या निघाल्या. रबराची बुचं सैल पडली होती. त्या दोन फेऱ्या मी वहीतून काढून टाकल्या. उरलेल्या आठ फेऱ्या आणि ती एक जादा फेरी टिकली, कारण काकूच्या सल्ल्यानं पुढच्या सगळ्या बाटल्यांच्या बुचांवर मी मेण ओतलं होतं. लोणच्याची बरणी बंद करायची तिची रीत. कुणी वायूचे नमुने घेणार असेल तर माझं कळकळीचं सांगणं आहे: प्रत्येक खोक्यात ओळखीच्या वायूची बाटली ठेवा. ती नसती तर खोटे आकडे मी खरे समजून छापले असते.

जे टिकलं त्यातून माझ्या बारा वाफ्यांपुरतं हे दिसलं. सगळ्यात जास्त मिथेन गाडलेल्या अझोल्याच्या वाफ्यांतून आला, आणि तो लावणीनंतरच्या पहिल्या महिन्या-सव्वा महिन्यात. नंतर तो उघड्या पाण्याच्या बरोबरीला उतरला. ताजी हिरवळ उभ्या पाण्याखाली गाडली की असं होणार हे समजण्यासारखं आहे. मिथेन करणाऱ्यांना ते आयतं ताट. जिवंत, हिरव्या, मध्यम दाट अझोल्याच्या वाफ्यांतून टिकलेल्या फेऱ्यांत उघड्या पाण्यापेक्षा कमी मिथेन निघाला. आणि ती सप्टेंबरातली जादा फेरी? मेलेला अझोला तळाला बसल्यावर पाचव्या दिवशी याच वाफ्यांनी उघड्या पाण्याच्या वाफ्यांना मागं टाकलं. तीच वनस्पती, तोच वाफा, मधे पंधरवडाही नाही. "अझोल्यानं मिथेन कमी होतो" असं एका ओळीत छापलेलं मी बऱ्याच ठिकाणी वाचलंय आणि ते वाचून माझ्या भागातला शेतकरी उन्हाच्या तडाख्यात अझोला मरू देईल, याची मला खरोखर काळजी वाटते. जिवंत अझोला आणि मेलेला अझोला या वायूच्या हिशोबात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोलापूरच्या उन्हात तो जगवणं हेच सगळं काम आहे.

पाणी आटवलेल्या वाफ्यांचं थोडं सांगते. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं ही पद्धत पसरवली. भोकं पाडलेला तीस सेंटिमीटरचा पाइप अर्धा मातीत रोवायचा, त्यातलं पाणी जमिनीच्या पंधरा सेंटिमीटर खाली गेलं की पुन्हा पाणी द्यायचं. फुलोऱ्यात मात्र आटवायचं नाही. माती मधून मधून श्वास घेते आणि मिथेन खूप उतरतो. माझ्याकडंही सगळ्यात कमी मिथेन याच वाफ्यांत होता. पण चिबडात पाणी खाली जातच नाही. पाइपमध्ये मोजपट्टी घालून मी रोज बघायची. चार दिवसांत दोन बोटं. शेवटी काकांनी वाफ्यांच्या दोन्ही अंगांनी गुडघाभर चर मारला तेव्हा कुठं पाणी हललं. ज्या जमिनीला निचरा नाही, तिथं आधी चर आणि मग पाइप. दुसरं म्हणजे युरियाचा दुसरा हप्ता दिला आणि चार दिवसांनी माती आटली, त्या फेरीत नायट्रस ऑक्साइडचा चढ एकदम उभा राहिला. बाकीच्या वाफ्यांत तो जेमतेम दिसत होता. माती ओली-कोरडी होत असताना नत्र मोकळा असला की हा वायू निघतो. पुढच्या वेळी युरिया द्यायचा तर पाणी भरल्यावर आणि अझोल्याच्या नत्राचा हिशोब वजा करून, असं मी वहीत लाल शाईनं लिहून ठेवलंय.

एक गोष्ट मोजायची राहून गेली, ती मला सलते. आमच्याकडं चोपण, म्हणजे खारावून घट्ट झालेल्या जमिनीला जिप्सम टाकतात. जिप्सममध्ये सल्फेट असतं, आणि सल्फेटावर जगणारे जीव मिथेन करणाऱ्यांच्या तोंडचा घास पळवतात. म्हणजे जमीन सुधारायला टाकलेलं जिप्सम मिथेनही कमी करू शकतं. काकांनी खालच्या अंगाला जिप्सम टाकलं होतं, माझे वाफे वरच्या अंगाला. तिथं एक चौकट रोवली असती तर बरं झालं असतं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कापणी झाली. अझोल्याच्या वाफ्यांत युरिया एक हप्ता कमी देऊनही भात उघड्या पाण्याच्या वाफ्यांच्या बरोबरीनं आला, याचं काकांना मिथेनपेक्षा जास्त समाधान. इंद्रायणीचा वास घरभर होता. काकूनं पहिला भात केला तेव्हा शेजारच्या दोन घरांत वाटी-वाटी गेली.

यंदा बाराऐवजी सहाच वाफे धरतोय, तीन उघडे आणि तीन अझोल्याचे, पण अझोला आम्ही वेगळ्या रीतीनं सांभाळणार आहोत. लावणीनंतर लगेच सोडायचा, चादर जाड झाली की दर आठवड्याला निम्मा चाळणीनं उपसून गायींना घालायचा आणि पाऊस ओढला, ऊन तापलं की उरलेलाही उपसून काढायचा. तळाला बसू द्यायचा नाही. बी म्हणून थोडा गोठ्यामागं लिंबाच्या सावलीतल्या खड्ड्यात कायम राहील. काकांनी माचीच्या दोन कुजलेल्या फळ्या बदलल्यात. काल संध्याकाळी ते फळीवर उकिडवे बसून वाफ्यातलं पाणी बोटानं मोजत होते. मला बघून म्हणाले, "तरवा आठ दिसात तयार हुतोय. तुझ्या चौकटी कुठं ठेवल्यात, काढून आण. ह्या खेपंला जिप्समच्या अंगाला बी एक रोवू."